वर्गणी, वायदा आणि वाट पाहणे

२०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली. आमच्या घरी माटोळी बांधण्याचे काम चालले होते आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सारे भाऊबंद जमले होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा माझा पुतण्या एका हाताने नारळाची पेंड वर देत होता आणि दुसऱ्या हातातील मोबाइल पुनःपुन्हा पाहत होता. कारण विचारले तेव्हा कळले, की ४ सप्टेंबरला एक व्हिडिओ गेम प्रसिद्ध व्हावयाचा असून तो सातवीत असल्यापासून त्याची वाट पाहत आला आहे.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही वकील आहात. लोकांना साडेसहा वर्षे ताटकळत ठेवणाऱ्यांवर दावा लावता येतो का?"

"तू पैसे किती भरलेस?"

"अजून एक रुपयाही नाही."

"मग दावा कसला?"

तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ते कळते हो. पण मग राग का येतो?"

पक्षकाराने असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला घरी पाठवले असते. घरच्या मुलाला तसे पाठवता येत नाही. चतुर्थीनंतर सवड काढून मी या विषयाचा मागोवा घेतला, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे वाटले. खेळांशी ज्यांचा संबंध नाही अशा वडीलधाऱ्या वाचकांनीही हा लेख बाजूस सारू नये अशी विनंती आहे. कारण वर्गणी देऊन कामाची वाट पाहणे हा अनुभव देवळाच्या मंडपापासून ग्रंथप्रकाशनापर्यंत आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की आगाऊ पैसे घेऊन काम लांबविण्याची तक्रार आजची नव्हे. नारदस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत 'विक्रीयासंप्रदान' हे एक स्वतंत्र पद आहे. विकून माल ताब्यात न देणे, असा त्याचा अर्थ. त्याच यादीत 'दत्ताप्रदानिक' म्हणजे दिलेल्या दानासंबंधीचे वाद आहेत, आणि 'संभूयसमुत्थान' म्हणजे अनेकांनी भांडवल एकत्र करून चालविलेल्या उद्योगातील वादही आहेत. विक्री, दान आणि भागीदारी या तीन गोष्टी आपल्या शास्त्रकारांनी वेगवेगळ्या दालनांत ठेवल्या, कारण तिन्हींतून निघणारे हक्क वेगळे आहेत. विकत घेणाऱ्याला माल मागता येतो. भागीदाराला हिशेब मागता येतो. दान देणाऱ्याला फारतर पावती मागता येते. पुतण्याच्या प्रश्नाची अर्धी उकल या विभागणीत आहे असे मला पुढे आढळून आले.

पाश्चात्त्य देशांत ग्रंथांच्या बाबतीत हाच वाद अठराव्या शतकात गाजला. कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने शेक्सपिअरच्या नाटकांची सटीक आवृत्ती काढण्याचे योजनापत्रक १७५६ साली प्रसिद्ध केले, वर्गणीदारांकडून पैसे घेतले, आणि १७५७ च्या नाताळापर्यंत ग्रंथ देण्याचा वायदा केला. ग्रंथ बाहेर पडला १७६५ साली. दरम्यान १७६२ मध्ये चार्ल्स चर्चिल या कवीने, वर्गणी गिळून बसलेला मनुष्य म्हणून त्याची भर काव्यात टवाळी केली. पुढे वर्गणीदारांची यादी ग्रंथात का छापली नाही असे कोणी विचारले असता, नावे हरवली आणि पैसे खर्च झाले, अशी दोन कारणे जॉन्सनने दिल्याचे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. मात्र आठ वर्षे उशिरा आलेल्या त्या ग्रंथाची प्रस्तावना आजही अभ्यासक वाचतात. काम उशिरा होणे आणि काम वाईट होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या कथेवरून ध्यानी यावे.

आता खेळांकडे वळू. व्हिडिओ गेम पूर्वी कॅसेटीवर, पुढे तबकडीवर भरून दुकानात विकला जाई. एकदा विकला की तो जसा असेल तसा कायमचा. करणारा आणि घेणारा यांचा संबंध दुकानाच्या गल्ल्यावर संपत असे. इंटरनेट घरोघर पोचल्यावर ही स्थिती पालटली. विकलेल्या खेळात मागाहून दुरुस्त्या करणे, नवे भाग जोडणे शक्य झाले. त्यांसच 'अपडेट' म्हणतात. दुसरा बदल असा, की प्रकाशक किंवा वितरक यांच्यावाचून एकटादुकटा मनुष्य आपला खेळ थेट लोकांना विकू लागला. या छोट्या स्वतंत्र निर्मात्यांना 'इंडी' म्हणण्याचा प्रघात आहे.

या नव्या व्यवहाराची रीत 'माइनक्राफ्ट' या खेळाने घालून दिली. मार्कस पेर्सन या स्वीडिश तरुणाने मे २००९ मध्ये तो अगदी अपुऱ्या अवस्थेत लोकांपुढे ठेवला आणि लगेच पुढच्या महिन्यात विकावयास काढला. सौदा असा, की आज स्वस्तात घ्या. पुढील सुधारणा तुम्हांस फुकट मिळत जातील. २०१० च्या उन्हाळ्यात तर दर शुक्रवारी काही ना काही नवे देण्याचा सपाटा त्याने लावला होता. पूर्ण खेळ नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झाला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने पेर्सनची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. जगातील अगणित लहान निर्मात्यांनी यावरून धडा घेतला, की अपुरा खेळ विकून त्याच पैशावर तो पुरा करता येतो. खेळणाऱ्यांनी दुसरा धडा घेतला, की पैसे दिले की दर आठवड्यास नवे काही मिळावयाचे. पहिला धडा थोड्यांच्या बाबतीत खरा ठरला. दुसरा त्याहून थोड्यांच्या.

त्याच २००९ साली अमेरिकेत 'किकस्टार्टर' ही वर्गणी गोळा करण्याची संस्था निघाली. योजना मांडावी, रक्कम आणि मुदत ठरवावी, आणि तेवढी रक्कम जमली तरच पैसे निर्मात्याच्या हाती पडावेत, अशी तिची रीत आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये टिम शेफर या नामांकित निर्मात्याने आपल्या 'डबल फाइन' कंपनीतर्फे एका खेळासाठी ४ लाख डॉलरची मागणी केली. चोवीस तासांच्या आत १० लाखांवर रक्कम जमली, आणि महिन्याच्या शेवटी ८७ हजारांहून अधिक वर्गणीदारांचे सुमारे ३३ लाख डॉलर झाले. खेळ ऑक्टोबर २०१२ मध्ये देण्याचा अंदाज होता.

पुढे जे घडले ते बांधकामाच्या व्यवहारांत मी अनेकदा पाहिले आहे. चार खोल्यांच्या घरासाठी पैसे मागितले आणि तेहतीस खोल्यांचे आले, तर मालक वाडाच बांधावयास काढतो. शेफरनेही खेळाचा आराखडा मोठा केला. जुलै २०१३ मध्ये त्याला कळवावे लागले, की खेळ दोन भागांत द्यावा लागेल आणि पहिला भाग विकून दुसऱ्याचा खर्च काढावा लागेल. 'ब्रोकन एज' या नावाने पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की या कंपनीने काहीही लपविले नव्हते. कामाचे चित्रीकरण करून ती ते वर्गणीदारांना दाखवीत होती. तरीही पुष्कळांचा संताप झाला. मौन बाळगल्यानेच लोक रागावतात हे जे आपण सहज म्हणतो, ते सर्वस्वी खरे नाही. अठ्ठावीस लाखांहून अधिक पैसे जास्त मिळूनही अडीच वर्षांचा उशीर, हा हिशेब लोकांना पटला नाही. भागीदाराच्या नात्याने ते हिशेब विचारीत होते.

परंतु ते भागीदार होते काय? किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्येच जाहीर केले होते, की आपण दुकान नव्हे. म्हणजे विक्री नव्हे. नफ्यात वाटा नाही, म्हणजे भागीदारीही नव्हे. वस्तूचे आश्वासन असल्याने निखळ दानही नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्ये संस्थेने आपल्या अटी अधिक स्पष्ट केल्या: काम पुरे करणे निर्मात्यावर बंधनकारक, ते अशक्य झाल्यास काय काम झाले आणि पैसे कसे खर्च झाले हे त्याने सांगावे, आणि उरलेले पैसे परत करण्याची तयारी दाखवावी. नारदाने वेगळी ठेवलेली तिन्ही दालने येथे एका छपराखाली आली, आणि प्रत्येक वर्गणीदार आपापल्या सोयीच्या दालनात उभा राहून बोलू लागला. या क्षेत्रातील निम्मा कलह या गोंधळातून उपजला आहे, असे माझे मत आहे.

न्यायालयांनी काय केले हे विचारणे मज वकिलास भाग आहे. २०१५ साली अमेरिकेत दोन प्रकरणांचा निकाल लागला. वॉशिंग्टन राज्यातील प्रकरण पत्त्यांच्या एका सचित्र जोडाचे होते. २०१२ मध्ये ८१० जणांकडून सुमारे २५ हजार डॉलर गोळा झाले, डिसेंबर २०१२ चा वायदा टळला, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलने दावा लावला. न्यायालयाने त्या राज्यातील ३१ वर्गणीदारांना ६६८ डॉलर परत देण्याचा, ३१ हजार डॉलर दंडाचा आणि २३ हजारांवर खर्चाचा हुकूम केला. दुसरे प्रकरण एका पटावरील खेळाचे होते. १,२४६ जणांकडून १ लाख २२ हजार डॉलरहून अधिक रक्कम घेणाऱ्या निर्मात्याने ती घरभाड्यासारख्या खासगी गोष्टींवर उडविल्याचा आरोप संघीय व्यापार आयोगाने ठेवला. तडजोडीत सुमारे १ लाख १२ हजारांचा हुकूमनामा झाला, पण देण्याची ऐपत नसल्याने वसुली स्थगित राहिली.

या दोन्ही प्रकरणांत कायद्याने ज्याला शासन केले तो उशीर नव्हे. तो फसवणुकीचा व्यवहार होता. नुसत्या संथपणाबद्दल कायदा फार सावधपणे बोलतो. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे ४६ वे कलम पाहा. मुदत ठरलेली नसेल तेव्हा वचन वाजवी वेळात पुरे केले पाहिजे, आणि वाजवी वेळ कोणता हा त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न होय. भाताची पोती पोचविण्याचा वाजवी वेळ कोणीही सांगेल. पण पूर्वी कोणी केली नाही अशी कलाकृती घडविण्याचा वाजवी वेळ कोणता, हे ती घडविणाऱ्यालाही कित्येकदा ठाऊक नसते.

मार्च २०१३ मध्ये 'व्हॉल्व्ह' कंपनीच्या 'स्टीम' या विक्रीकेंद्राने 'अर्ली ॲक्सेस' नावाचा विभाग उघडला आणि अपुरे खेळ विकण्याच्या चालीस राजमान्यता मिळाली. येथे वर्गणी नाही, उघड विक्री आहे. मात्र विकले जाते ते निम्मे वस्तू आणि निम्मे आश्वासन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डबल फाइनने 'स्पेसबेस डीएफ-९' हा खेळ याप्रमाणे विकावयास काढला. पुढे काय काय होणार याची भलीमोठी यादी जाहीर होती. विक्रीच्या उत्पन्नात खर्च भागेना, तेव्हा सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने काम आटोपते घेतल्याचे जाहीर केले, आणि यादीतील पुष्कळ गोष्टी यादीतच राहिल्या. व्हॉल्व्हने २०१४ साली ग्राहकांना सूचना दिली, की काही निर्मात्यांना खेळ पुरा करता येणार नाही हे ध्यानात धरून पैसे द्यावेत. जून २०१५ पासून, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत मिळू लागले. फेब्रुवारी २०२५ पासून तर ज्या अपुऱ्या खेळावर वर्षाहून अधिक काळ हात फिरला नाही, त्याच्या पानावर तसा इशारा दिसू लागला. बाजाराचे नियम असेच घडतात: आधी विश्वास, मग अनुभव, मग पाटी.

परंतु नियमांच्या पलीकडची एक गोष्ट 'क्यूब वर्ल्ड'च्या इतिहासात आढळते, आणि तिने मला अंतर्मुख केले. वुल्फ्राम फॉन फुंक नावाचा जर्मन गृहस्थ आणि त्याची पत्नी, एवढ्या दोघांनी हा खेळ रचला. २ जुलै २०१३ रोजी त्याची अपुरी आवृत्ती विकावयास निघाली. लोकांची झुंबड उडाली आणि त्याचबरोबर कोणी दुष्टबुद्धीने त्यांच्या संकेतस्थळावर कृत्रिम मागणीचा भडिमार करून ते बंद पाडले. त्या महिन्यात एक अपडेट आले, आणि मग काही नाही. वर्षामागून वर्षे गेली. क्वचित एखादे चित्र, क्वचित एखादी ओळ. पैसे घेऊन पळाला, हा शिक्का त्याच्यावर बसला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो अकस्मात प्रकट झाला, खेळ पुरा झाल्याचे त्याने कळविले, आणि सांगितले, की सहा वर्षांपूर्वीच्या त्या हल्ल्याने आपल्या मनावर आघात केला व तेव्हापासून आपण चिंता आणि नैराश्य यांनी ग्रस्त आहोत. खेळ ३० सप्टेंबरला आला. जुन्या ग्राहकांना तो मोबदल्यावाचून मिळाला. पण तो इतका पालटला होता, की ज्याची वाट पाहिली तो हा नव्हे, असे त्यांतील पुष्कळांना वाटले.

या प्रकरणात न्याय कोणाकडे? ग्राहकाने पैसे दिले होते. त्याचा विक्रीयासंप्रदानाचा दावा शाबीत आहे. निर्माता आजारी होता. त्याची अडचणही खरी आहे. दोघांच्या मध्ये सहा वर्षांची जी भिंत उभी राहिली, ती दोन ओळींच्या निवेदनाने कदाचित बुटकी झाली असती. पण ज्याचे मन मोडले आहे त्याला त्या दोन ओळीच पर्वतासारख्या वाटतात. मोठ्या कंपनीत एक मनुष्य आजारी पडला तर दुसरा पत्रे लिहितो. दोघांच्या घरात दुसरा नसतो.

संथपणाची कारणे येथे सांगणे योग्य होईल, कारण पुष्कळ राग त्यांच्या अज्ञानातून येतो. खेळात एक नवे हत्यार किंवा नवा प्राणी घालणे म्हणजे भिंतीवर एक चित्र अधिक टांगणे नव्हे. ते विणलेल्या शेल्यात नवा धागा ओवण्यासारखे आहे. एक ओढला की दहा सैल होतात. प्रत्येक नव्या भागाबरोबर जुने भाग पुन्हा तपासावे लागतात. शिवाय तोच खेळ संगणक, फोन आणि निरनिराळी खेळयंत्रे यांवर चालवावयाचा, तर प्रत्येकासाठी वेगळी मेहनत आणि त्या त्या कंपनीची वेगळी मंजुरी. एरिक बरोन याने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ २०१६ साली प्रसिद्ध केला. त्याचे एक मोठे अपडेट संगणकावर डिसेंबर २०२० मध्ये आले, ते फोनवर पोचावयास जानेवारी २०२३ उजाडला. त्यापुढचे मार्च २०२४ मध्ये संगणकावर आले आणि इतरत्र नोव्हेंबरात. ही सारी अपडेटे फुकट होती. तरी फोनवर खेळणाऱ्यांची कुरकुर थांबेना. शेजारच्या पानात वाढलेले दिसते आणि आपले पान रिकामे, हे दुःख पंक्तीत बसलेल्या कोणालाही समजेल.

याच्या उलट उदाहरण टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन बंधूंचे. 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' या खेळावर ते २००२ पासून काम करीत असून ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी तो लोकांना फुकट दिला, आणि पुढे वर्षानुवर्षे केवळ देणग्यांवर चरितार्थ चालविला. जून २०१२ नंतरची मोठी आवृत्ती त्यांच्याकडून जुलै २०१४ मध्ये आली. पंचवीस महिने! इतकी वाट पाहूनही त्यांचा चाहतावर्ग त्यांना धरून राहिला. याची कारणे मला दोन दिसतात. एक, देणारा आपण दान देत आहोत हे जाणत होता. दोन, आज काय केले याची टिपणे टार्न नेमाने प्रसिद्ध करीत असे. २०१९ साली झॅकला त्वचेचा कर्करोग झाल्यावर औषधपाण्याच्या चिंतेने त्यांनी खेळाची विक्रीयोग्य आवृत्ती काढण्याचे ठरविले. ती डिसेंबर २०२२ मध्ये निघाली आणि महिनाभरात तिच्या सुमारे ५ लाख प्रती खपल्या. सोळा वर्षे दिलेल्या दानाची लोकांनी अशी फेड केली.

मौनाचे तिसरेही रूप आहे. इंग्लंडातील 'हेलो गेम्स' या लहान कंपनीने 'नो मॅन्स स्काय' या खेळाची मोठमोठी वर्णने केली. मे २०१६ मध्ये प्रकाशन जूनवरून ऑगस्टवर गेले, तर केवळ तेवढ्यासाठी प्रमुख शॉन मरे यास जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. खेळ आल्यावर वर्णनातील पुष्कळ गोष्टी त्यात आढळेनात, आणि कंपनीने तोंड मिटून घेतले. ब्रिटनच्या जाहिरात-नियामक मंडळाकडे तक्रारी गेल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मंडळाने जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्णय दिला. पण मरेने त्या निर्णयावर समाधान मानले नाही. त्याच महिन्यात पहिले मोठे अपडेट आले, आणि मग वर्षामागून वर्षे मोबदल्यावाचून येत राहिली. येथे मौन हे प्रायश्चित्ताचे ठरले: आधी बोलून चूक केली, आता करून दाखवू. २०२४ च्या अखेरीस स्टीमवरील ग्राहकांचा एकंदर अभिप्राय अत्यंत अनुकूल असा झाला होता. न्यायालयात जिंकलेला मनुष्य घरी येऊन ऋण फेडीत बसला, असे दृश्य मी माझ्या व्यवसायात फार थोडे पाहिले आहे.

आता पुतण्याच्या खेळाकडे येतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी आरी गिब्सन आणि विल्यम पेलन या दोघांनी 'टीम चेरी' या नावाने २०१४ च्या अखेरीस किकस्टार्टरवर ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. २,१५८ वर्गणीदारांकडून ५७ हजारांवर रक्कम मिळाली. 'हॉलो नाइट' हा त्यांचा खेळ फेब्रुवारी २०१७ मध्ये आला आणि जगभर नावाजला गेला. ठरल्यापेक्षा अधिक पैसे जमल्यास हॉर्नेट नावाच्या पात्राला घेऊन एक जादा प्रकरण जोडू, असे त्यांनी वर्गणीच्या वेळी सांगितले होते. ते प्रकरण लिहिता लिहिता इतके वाढले, की फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी 'सिल्कसाँग' हा स्वतंत्र खेळच जाहीर केला, आणि जुन्या वर्गणीदारांस तो फुकट देण्याचे कबूल केले. जून २०२२ मध्ये, येत्या बारा महिन्यांत येणार अशी वार्ता आली. मे २०२३ मध्ये, अजून वेळ आहे अशी. मग पुन्हा शांतता. एक उत्साही गृहस्थ तर रोज यूट्यूबवर येऊन, आज काही बातमी नाही, हीच बातमी देत असे. शेवटी २१ ऑगस्ट २०२५ रोजी, अवघ्या चौदा दिवसांची सूचना देऊन, त्यांनी ४ सप्टेंबर ही तारीख सांगितली. उशिराचे कारण विचारता निर्माते म्हणाले, की आम्ही कोठे अडलो नव्हतो. काम करण्यात आनंद वाटत होता, म्हणून करीत राहिलो. पहिल्या खेळाच्या दीड कोटी प्रती खपल्या असल्याने पोटाची चिंता नव्हती.

जोडप्रकरणाचे स्वतंत्र ग्रंथ होणे आपणांस अनोळखी नाही. चिपळूणकडचे विद्वान आणि मुंबई उच्च न्यायालयातील वकील पांडुरंग वामन काणे यांनी व्यवहारमयूखाच्या आवृत्तीला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना योजिली होती. विषय तीत मावेना. मयूख १९२६ मध्ये निघाला; इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये आणि पाचवा पुरा झाला तो १९६२ मध्ये. प्रस्तावनेचे सहा हजारांहून अधिक पृष्ठांचे महाकार्य झाले, आणि १९६३ मध्ये काणे यांना भारतरत्न मिळाले. मधल्या बत्तीस वर्षांत पुढचा खंड केव्हा, असे विचारणारे अभ्यासक असणारच. त्यांना वेळीच देण्यासाठी काणे यांनी हात आखडता घ्यावा असे आज कोण म्हणेल? मात्र काणे यांनी खंड एकेक करून बाहेर काढले, आणि वाचकाला हातात काहीतरी मिळत गेले, हाही फरक विसरता कामा नये.

मग राग का येतो? या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांत सापडले नाही. ते माझ्याच कचेरीत सापडले. काही वर्षांमागे मुंडकारीच्या एका दाव्यात एक वृद्ध बाई माझी पक्षकार होती. दावा रेंगाळला, त्यात माझा दोष थोडा होता आणि कोर्टाचा पुष्कळ. ती दर महिन्यास बस बदलून येई आणि बाकावर बसून राही. सांगण्यासारखे काही नसल्याने मी बहुधा तिला आत बोलावीत नसे. एके दिवशी ती दाराशी येऊन म्हणाली, "वकीलबाब, तारीख पडली तर सांगा, नाही पडली तरी सांगा. मी विचारावयास येते, भांडावयास नव्हे." त्या दिवशी मला फार लाज वाटली. तिने माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि मी तिच्या विश्वासाला केवळ वकीलपत्रावरील सही समजलो होतो.

पुतण्याने टीम चेरीला एक रुपयाही दिला नव्हता, हे खरे. पण त्याने सातवीपासूनची उत्सुकता दिली होती. कायद्याला ती मोबदला म्हणून मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. तसे मान्य झाले तर प्रत्येक कलावंत आपल्या चाहत्यांचा ऋणको ठरेल आणि कोणी काही नवे जाहीरच करणार नाही. तथापि कायद्याला जे ऋण दिसत नाही ते नसते असे नाही. ज्याने पैसे घेतले त्याने काम किंवा हिशेब द्यावा. ज्याने तारीख सांगितली त्याने ती चुकताना आधी कळवावे. आणि ज्याने केवळ आशा लावली त्याने अधूनमधून, अजून आहे, एवढे म्हणावे. यापलीकडे निर्मात्याकडे मागता येत नाही. वाट पाहणाऱ्याच्या बाजूनेही एक बंधन आहे. नारदाच्या अठरा पदांत विक्रीयासंप्रदान आहे तसे 'वाक्पारुष्य'ही आहे. शिवीगाळ हा स्वतंत्र अपराध मानला आहे. आपला दावा खरा असला म्हणून तो माफ होत नाही. दोन महिन्यांच्या उशिरासाठी कोणाच्या जिवावर उठणाऱ्याने आपला दावा त्याच क्षणी गमावला.

४ सप्टेंबर हा आमच्या नऊ दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाचा दिवस होता. खेळ आपल्याकडील घड्याळाप्रमाणे सायंकाळी साडेसातला विक्रीस येणार होता. पुतण्याने मूर्तीस खांदा दिला, तळीकाठी सर्वांबरोबर 'पुढच्या वर्षी लवकर या' असे ओरडला, आणि ओल्या कपड्यांनी घरी येऊन संगणकापुढे बसला. जगभरची गर्दी एकदम लोटल्याने विक्रीकेंद्रेच कोलमडली होती, आणि काही तास कोणालाच काही मिळेना.

"आता राग येत नाही का?" मी विचारले.

"नाही," तो हसून म्हणाला. "आता येणार हे ठाऊक आहे ना."

त्या बाईच्या दाव्याचा निकाल पुढे लागला. तेव्हापासून माझ्या कचेरीत एक वही आहे. ज्याच्या प्रकरणात महिनाभर काही घडले नाही, त्याला महिन्याच्या अखेरीस तेवढेच कळवावयाचे, असा नियम आहे. निकाल त्यामुळे लवकर लागत नाहीत. पण बाकावर बसून राहणारी माणसे कमी झाली आहेत.